खुणेची लग्नपत्रिका

मे महिन्यात दुपारी बारानंतर आमच्या वाशीमच्या रस्त्यांवर दोनच जीव हिंडताना दिसतात. एक म्हैस आणि दुसरा लग्नपत्रिका वाटणारा वधूपिता. म्हशीला निदान डबक्याची आशा असते. वधूपिता डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून, दारोदार पाणी पीत हिंडतो आणि प्रत्येक घरी तेच वाक्य म्हणतो: ‘यायचंच बरं का, नाई म्हनू नका.’ बाकी सगळं गाव दारं-खिडक्या लावून कूलरसमोर आडवं झालेलं. कूलरमधलं पाणी संपलं की उठायचं कोणी, यावर घराघरांत मूक सत्याग्रह चालतो. नवतपा लागला की तोही मिटतो, कारण मग पाणी असो-नसो, कूलर उबाराच फेकतो.

पुण्याकडचे पाहुणे विचारतात, तुमच्याकडं एवढ्या उन्हात मुलं करतात तरी काय? मी म्हणतो, संध्याकाळची वाट पाहतात. अकरा ते पाच उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, हा वऱ्हाडातला सगळ्यांत जुना आणि बहुधा एकमेव पाळला जाणारा कायदा. सरकारही त्याला मान देतं. राज्यातल्या इतर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आमच्या विदर्भातल्या महिनाअखेरीकडं सरकतात. रोजचे सहा तास धरले, दिवस पन्नास धरले, तरी तीनशे तासांची नजरकैद झाली. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ लिहून काढली, तिला पाच दिवस लागले. आमच्या घरात ती वाचून व्हायला दोन उन्हाळे लागले होते, आणि तेही सिनेमा पाहून शेवट माहीत असताना.

यंदा पुण्याहून नात आली ती सोबत एक तक्ता घेऊन. वय वर्षं दहा. तिच्या शाळेनं उन्हाळी वाचनाचं आव्हान दिलं होतं. वीस पुस्तकं वाचायची आणि तक्ता भरायचा. पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, ‘या पुस्तकातून मी काय शिकले’, आणि शेवटी पालकांची सही. वीस पूर्ण झाली की सोनेरी तारा असलेलं प्रमाणपत्र. पोरगी हुशार. तिनं पृष्ठसंख्येच्या रकान्यात किमान किती ते लिहिलेलं नाही, हे पहिल्याच नजरेत हेरलं होतं. बॅगेतून निघाली ती सगळी सोळा-सोळा पानांची पुस्तकं, त्यातही निम्म्या पानांवर हत्ती. पहिल्या दिवशी आंघोळीच्या आधी दोन आणि रसाच्या जेवणाआधी दोन अशी चार पुस्तकं तिनं निकालात काढली. बेडकाच्या गोष्टीपुढं लिहिलं: ‘बेडकांशी प्रेमाने वागावे.’ हत्तीच्या गोष्टीपुढं: ‘हत्तींशी प्रेमाने वागावे.’

मी विचारलं, ‘गोष्ट आवडली का?’

ती तक्ता उलटसुलट पाहून म्हणाली, ‘आबा, ते विचारलेलं नाहीये.’

मला वाचायला कोणी कधी प्रोत्साहन दिलं नाही. दिली ती लाटी.

१९७४चा उन्हाळा. रिसोड तालुक्यातलं आजोळ. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, १ जुलै १९९८ उजाडायला अजून बराच अवकाश होता आणि आम्ही सगळे अकोल्याचे होतो. बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता, घरात पुन्हा उडीद आला होता, आणि मामीनं दोन वर्षांचे राहिलेले पापड एकाच दमात करायचं ठरवलं होतं. गल्लीतल्या आठ-दहा बाया दुपारी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन माजघरात जमायच्या. एकीकडं पिठाचा गोळा तेलाचा हात लावून मुसळीनं कुटला जायचा, दुसरीकडं दोऱ्यानं लाट्या कापल्या जायच्या, आणि मध्ये आठ-दहा लाटण्यांचा आवाज आणि त्याच्या चौपट बोलणं. आम्हा पोरांचं काम एवढंच, की लाटलेले पापड शेजारच्या खोलीतल्या धोतरावर नेऊन पसरायचे. येता-जाता लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची, हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. पण तेच आम्ही जास्त निष्ठेनं करायचो.

तिसऱ्या दिवशी मामीनं मला धरलं. ‘पोटात पापड उगवतीन तुह्या! नुस्त्या लाट्या खाऊ रायला. बस इथं अन् काई वाचून दाखव मोठ्यानं. शाळेत जातं नं तू?’

मामाच्या लोखंडी पेटीत वाचण्यासारखं जे होतं ते येणेप्रमाणे: ‘चांदोबा’चे फाटके अंक, नुकत्याच सुरू झालेल्या ‘किशोर’चे दोन, सोसायटीच्या खताच्या पावत्या, आणि मुखपृष्ठ गेलेली एक रहस्यकथा. ती बाबूराव अर्णाळकरांची असावी असं मामा म्हणायचा. अर्णाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. त्यामुळं त्या काळी महाराष्ट्रात मुखपृष्ठ गेलेलं कुठलंही पुस्तक त्यांच्याच खात्यावर जमा व्हायचं. मी रहस्यकथा उचलली. पानामागं एक लाटी असा भाव मी सांगितला. मामीनं घासाघीस करून दोन पानांमागं एक ठरवला. पण प्रकरण ऐन रंगात आलं की थांबायचं आणि पाणी प्यायला उठायचं, म्हणजे एकीऐवजी तीन बाजूंनी तीन लाट्या पुढं येतात, हा शोध मला पहिल्या तासातच लागला. पुढं टीव्हीवरच्या मालिका आल्या आणि जाहिरात नेमकी कुठं लागते ते पाहिलं, तेव्हा मला वाटलं, हा धंदा आपण रिसोड तालुक्यात आधीच करून चुकलो आहोत.

त्या श्रोत्यांसारखे श्रोते मला नंतर कुठंच भेटले नाहीत. गुप्तहेर रात्री दोन वाजता मुंबईच्या गल्लीतून निघाला, की एक बाई लाटणं थांबवून विचारायची, ‘लगन झालं का त्याचं?’ नाही म्हटलं की, ‘तरीच.’ दुसरी म्हणायची, ‘रातभर बाहीर हिंडू रायला, घरचे काई म्हनत नाईत?’ खून झाला तेव्हा माजघर पाच मिनिटं गप्प होतं. मग मेलेल्या माणसाच्या बायकोचं कसं होणार यावर चर्चा सुरू झाली आणि त्या दिवशी वाचन पुढं सरकलंच नाही. मामीला मात्र दुसऱ्याच प्रकरणात खुनी सापडला होता. ‘पुतन्या. वावर कोनाच्या नावावर हाये ते पाय आधी.’ मी सांगितलं, मामी, यात वावर नाही, हे गिरगाव आहे. मामी म्हणाली, ‘धुरा कुठंबी असते बाबू.’

आणि मग अनर्थ झाला. पुस्तकाची शेवटची बारा-चौदा पानंच नव्हती. मला ते अर्ध्या वाक्यावर कळलं. समोर आठ-दहा लाटणी थांबलेली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी पान उलटल्यासारखं केलं आणि आधीच्याच पानावर नजर ठेवून मनानं पुढं वाचायला लागलो. खुनी एक परदेशी माणूस निघाला, तो बोटीतून पळाला, गुप्तहेरानं पोहत जाऊन त्याला धरलं. आवाज बदलला असावा. एक म्हातारी, जिला आयुष्यात ‘अ’ काढता आला नव्हता, ती म्हणाली, ‘हे छापेल नाई. हे तुह्यं हाये.’

मला वाटलं, आता मार. मामीनं लाटणं पुन्हा हातात घेतलं. ‘तुह्यंच असू दे. पन हा शेवट काई पटला नाई. उद्या दुसरा आन.’

मी पाच दिवसांत पाच शेवट आणले. रात्री गच्चीवर पडून ते जुळवायचो. सहाव्या दिवशी नाइलाजानं पुतण्याला फासावर चढवला, तेव्हा मामी समाधानानं उठली. उडीदही त्याच दिवशी संपले.

आमच्याकडं वाचन ही मुळात ऐकायचीच गोष्ट. आम्ही पोथी ‘वाचत’ नाही, ‘लावतो’. एकानं पाटावर बसायचं, बाकीच्यांनी डाळ निवडत, वाती वळत, एखाद्यानं भिंतीला टेकून घोरत ऐकायचं. आमच्याच जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. त्यांचं चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचं ‘गुरुचरित्र’ सात दिवसांत वाचायची रीत आहे. कुठल्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचं हे ठरलेलं. म्हणजे तक्ता आमच्याकडंही होता. फक्त ‘मी काय शिकले’ हा रकाना कोणाला सुचला नव्हता. पारायण झालं की शेवटी पोटभर प्रसाद असायचा आणि त्याच्या पुढं कोणी काही विचारायचं नाही.

त्याच कारंज्यात जैन मंदिरांतली हस्तलिखितांची भांडारं आहेत. लाल-पिवळ्या कापडात बांधलेली बासनं, एकावर एक. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात तिथल्या पोथ्यांवरून अपभ्रंश भाषेतली काव्यं संपादून ‘कारंजा जैन ग्रंथमाले’त छापवली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंज्याहूनच बाहेर आलं. मला त्यातली एक ओळ कळत नाही, पण या मंडळींचा एक सण मला फार आवडतो. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे आमच्या ऐन भट्टीच्या दिवसांत, दिगंबर जैनांची श्रुतपंचमी येते. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, झटकायचे, नव्या वेष्टनात बांधायचे, त्यांची पूजा करायची. उन्हाळ्यात आम्ही गाद्यांना ऊन दाखवतो, गव्हाला दाखवतो, पापड-कुरड्यांना दाखवतो. पुस्तकाचीही त्या यादीत गणना करणारं कोणीतरी आपल्या जिल्ह्यात आहे, या विचारानं मला उगीचच भरून येतं.

नाहीतर आमच्या वाशीमचा पुस्तकांच्या बाबतीतला इतिहास फारसा भरवशाचा नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या सर्वसेन राजानं चौथ्या शतकात ‘हरिविजय’ नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. कृष्णानं स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा. नंतरच्या मोठमोठ्या काव्यशास्त्रकारांनी त्याचे दाखले दिले आहेत, पण मूळ पुस्तक आज सापडत नाही. माझा अंदाज असा, की शेजाऱ्यानं ‘दोन दिवसांत वाचून देतो’ म्हणून नेलं असणार. सोळाशे वर्षं झाली. राजाला मागायला संकोच वाटला असेल, आपल्यालाही वाटतो.

याहून गंमत पुढं आहे. राजशेखर हा साधारण नवव्या-दहाव्या शतकातला संस्कृत पंडित. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घर सोडून निघाला. त्याला बांधून ठेवायला गौरीनं साहित्यविद्या नावाची एक मुलगी निर्माण केली. ती त्याच्या मागं निघाली. पूर्वेला, पांचालात, अवंतीत, दक्षिणेत, प्रत्येक प्रांतात त्या-त्या तऱ्हेचा वेश करून, त्या-त्या तऱ्हेनं बोलून तिनं त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला. गडी थोडा-थोडा विरघळत गेला आणि शेवटी विदर्भात, वत्सगुल्म नगरात दोघांनी लग्न केलं. म्हणजे काव्य आणि साहित्य यांचं शुभमंगल आमच्या वाशीमात लागलं! राजशेखर सांगतो, तो गांधर्व विवाह होता. बिनपत्रिकेचं असं वाशीमच्या इतिहासातलं ते बहुधा एकमेव लग्न. आणि लग्न झाल्यावर? जोडपं हिमालयाकडं, आपापल्या आयांकडं निघून गेलं. आमच्याकडं हे असंच चालतं. लग्न वाशीमला, संसार पुण्याला.

ही गोष्ट मी नातीला सांगितली. तिनं विचारलं, ‘मग तुमच्याकडं साहित्य राहिलंच नाही का?’

मी विषय बदलला. त्याला कारण होतं. नोकरीच्या काळात वाचनप्रसार हा विषय माझ्या टेबलावरून गेलेला आहे. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी आम्ही प्रतिमेला हार घालायचो, वाचनाचं महत्त्व या विषयावर चार जण बोलायचे, पाचवा आभार मानायचा आणि दिवसभरात जे एकच लिखाण वाचलं जायचं ते म्हणजे हजेरीपत्रक. वाचन वाढवण्याबद्दलचं परिपत्रक तर मीही शेवटपर्यंत वाचल्याचं आठवत नाही. पहिला परिच्छेद आणि अहवाल पाठवायची तारीख, बस.

गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत. १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणं अनुदान आहे. अशाच एका वाचनालयात, गावाचं नाव सांगत नाही, मी नातीला घेऊन गेलो. बाहेरच्या बाकावर चार जण एकाच वर्तमानपत्राची चार पानं वाटून वाचत होते. बालविभागाच्या कपाटाला कुलूप. का, तर मुलं पुस्तकं फाडतात. किल्ली कुठं, तर ग्रंथपालांकडं. ग्रंथपाल कुठं, तर लग्नाला. काचेतून पुस्तकं अगदी कोरी दिसत होती. नात काचेला नाक लावून पाच मिनिटं पाहत राहिली. घरी आल्यावर तिनं तक्त्यात लिहायला घेतलं, तर मी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कूलरसमोर पडून मोबाइलवर एक माणूस चिखलातून ट्रॅक्टर बाहेर काढतो ते पाहत होतो. त्याच्या आधी एक बाई टरबूज कोरत होती तेही पाहिलं होतं. नात उशाशी येऊन उभी राहिली.

‘आबा, तुम्ही काय वाचता?’

‘पेपर वाचतो की.’

‘तो सात मिनिटांत होतो. मी घड्याळ लावलं होतं.’ आणि तिनं वहीचा कागद पुढं केला. त्यावर पट्टीनं आखलेला तक्ता. वर माझं नाव. दुसऱ्या कागदावर आजीचं. पालकांच्या सहीच्या जागी तिची स्वतःची सही करण्याची सोय केलेली.

हिनं, म्हणजे आजीनं, ते काम तिथंच निकालात काढलं. ‘मले नाई टाइम. कैऱ्या पडल्या आहेत दोन पायल्या.’ मी पहिल्या दिवशी ‘विजेचं बिल, लेखक: महावितरण, पृष्ठसंख्या: २, काय शिकलो: कूलरशी प्रेमाने वागावे’ असं लिहून पाहिलं. ते नामंजूर झालं.

पंचाईत अशी, की बैठकीत माझं काचेचं कपाट आहे आणि त्यात पुस्तकंही आहेत, पण ती पाहुण्यांसाठी आहेत. निवृत्तीच्या दिवशी मला अकरा शाली, सात श्रीफळं आणि एक पुस्तक मिळालं होतं. ते पुस्तकही देणाऱ्याचाच कवितासंग्रह. मग माळ्यावर चढलो. मुलाच्या लहानपणीची पेटी काढली. धूळ, झुरळांचे पंख, एक तुटका भोवरा, आणि खाली पंधरा-वीस पुस्तकं. त्यात भा. रा. भागवतांचे ‘फास्टर फेणे’ तीन. एकाच्या आत रंगीत खडूनं मुलाचं नाव, इयत्ता पाचवी ब, आणि चित्रांतल्या एकूण एक माणसांना मिशा काढलेल्या. बायकांनाही.

नात ते पुस्तक हातातून सोडेना. ‘हे बाबानं केलंय? बाबानं पुस्तकावर लिहिलंय?’ पुस्तकावर रेघ ओढली म्हणून तिच्या बापानं तिला गेल्याच महिन्यात रागावलं होतं असं कळलं. तिनं लगेच फोन लावला. पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, ‘त्यात शेवटी काय होतं ते सांगू नको हां. मला आठवत नाहीये.’

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी एका गटाला द्यायची, सगळ्यांनी वाचली की दुसऱ्या गटाशी बदलायची. त्याच्याही शंभर वर्षं आधी बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं होतं, आणि तिथून पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरायच्या. मी म्हटलं, आपणही करू. माझ्याकडं पेटी होती. देवगड हापूसची, लाकडी, जावयानं आणलेली. माळ्यावरची उरलेली पुस्तकं तीत ठेवली आणि संध्याकाळी गल्लीतल्या लिंबाखाली नेऊन ठेवली.

पाच मिनिटांत अकरा पोट्टे जमले. झाकण उघडलं. वास हापूसचा, आत पुस्तकं. इतकी निराश तोंडं मी निवडणुकीच्या निकालालाही पाहिली नव्हती. एक जण तर पुस्तकं उचलून खाली पाहत होता, एखादा आंबा दबला आहे का ते. तरी दोघांनी चित्रं पाहून पुस्तकं नेली. तिसऱ्या दिवशी पेटीत पुस्तकं वाढली होती. कोणीतरी मुलाची दहावीची गाइडं सोडून दिली होती, कोणी ‘लोणच्यांचे शंभर प्रकार’, कोणी १९९६चं कालनिर्णय. सगळ्यांत जास्त फिरलं ते कालनिर्णय. त्याच्या पानांमागचे लेख अजून वाचायचे राहिले होते, असं समोरच्या वहिनींचं म्हणणं.

आणि लाइन जायला लागली. रोज दुपारी दीड ते साडेतीन. कूलर बंद, मोबाइल गरम होऊन बंद, आणि घरातला त्यातल्या त्यात गार कोपरा म्हणजे माजघर, जिथं ही विळीवर कैऱ्या फोडत बसलेली. आम्ही दोघं तिथं सरकलो. नात ‘फास्टर फेणे’ मनात वाचायला लागली. थोड्या वेळानं एकटीच हसली. विळी थांबली.

‘काय झालं वं?’

‘काही नाही.’

‘काई नाई कसं? हासली नं तू.’

नातीनं दोन ओळी वाचून दाखवल्या. मग चार. मग मागं काय झालं ते सांगावं लागलं, म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात झाली. पुण्यातल्या शाळेत शिकणारं, फुरसुंगीचं किडकिडीत पोरगं नाही-नाही त्या भानगडीत पडत होतं आणि इकडं ही फोड करता-करता म्हणत होती, ‘याच्या मायले घोर नसन का लागत?’ जिभेनं ‘ट्टॉक’ असा आवाज काढायची त्या पोराची सवय नातीला हुबेहूब जमत होती. मला अर्धी जमली. हिनं प्रयत्न केला, तर कवळी सुटून कैऱ्यांच्या परातीत पडली. त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं, कारण पुढं कोणाला ऐकू येईना इतकं हसणं झालं.

लाइन साडेतीनला यायची. दुसऱ्या दिवशी ती आली, कूलर घरघरला, आणि तिघांपैकी कोणी उठलं नाही. शेवटी नातीनंच एकसष्टाव्या पानावर पुस्तक मिटलं. पुढं फार वाईट प्रसंग होता आणि तो उद्यासाठी राखून ठेवायचा असं तिनं जाहीर केलं. मी लाटीच्या भावाबद्दल तिला काही सांगितलं नव्हतं. तरी तिनं कैरीच्या दोन फोडी तिखट-मीठ लावून वसूल केल्या, तेव्हा रक्ताचं नातं म्हणजे काय ते मला कळलं. खुणेला तिनं लग्नपत्रिका घातली. या दिवसांत आमच्या घरात पत्रिकांना तोटा नसतो, टीव्हीखाली सत्तावीस होत्या. तिनं सोनेरी गणपतीची निवडली.

तक्त्यात ती त्या रात्री काहीच लिहिणार नव्हती. पुस्तक संपलेलं नाही, म्हणाली. आव्हानातली सोळा पुस्तकं अजून बाकी होती, याची मी आठवण केली. तिनं मान हलवली आणि झोपून गेली.

सकाळी मी ओसरीवर चहा घेत होतो, तर ती पुस्तक घेऊन समोर उभी.

‘रात्री कोणीतरी पुढं वाचलंय.’

‘छे. कशावरून?’

‘मी गणपती वर करून ठेवला होता. आता तो खाली तोंड करून आहे.’

माझा चहा जरा सांडला. पत्रिका मी एकसष्टाव्याच पानात नीट ठेवली होती, हे मी कुठंही शपथेवर सांगीन. रात्री अडीच वाजता, न्हाणीतल्या दिव्याच्या उजेडात गणपतीचं तोंड कुठं होतं, एवढं मात्र पाहायचं राहिलं होतं. मी कबूल झालो. अठ्ठ्याहत्तर पानांपर्यंत गेलो होतो, त्याच्या पुढं एक अक्षर वाचलं नाही, असं सांगितलं.

‘अठ्ठ्याहत्तर?’ तिनं पानं उलटली. ‘मग हे कोणाचं?’

चौऱ्याण्णवाव्या पानाच्या कोपऱ्यावर एक अंगठा उमटला होता. पिवळाजर्द, हळदीचा, मध्ये मोहरीच्या डाळीचा एक कण चिकटलेला.

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. आत बरणीत फोडी भरल्याचा आवाज येत होता. तो थांबला. जरा वेळ काहीच नाही. मग, कोणी ऐकत नाही अशा समजुतीनं, अगदी हलकेच आवाज आला:

ट्टॉक.